परड्यातले प्रश्न : एक ठेवायचं, एक काढायचं

वैशाख लागला की माझ्या पत्रांचा नूर बदलतो. दिवाळीनंतर गुलाब-शेवंती, पावसाळ्यात गोगलगायी आणि बुरशी, आणि एप्रिल-मे आला की एकच मागणी, "काकू, लवकर वाढणारं सावलीचं झाड सांगा." तीस वर्षं खानापूर रस्त्याला रोपवाटिका चालवली, तेव्हाही गिऱ्हाईक गाडीवरून उतरायच्या आधी हेच विचारायचं. माती कसली, जागा किती, पाणी कुठलं, असं मी उलट विचारलं की वैतागायचं. आता रोपवाटिका मुलगा सांभाळतो आणि मला उलट विचारायला भरपूर वेळ आहे. या महिन्यातल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली. झाडाच्या कामाला गाव कळलेलं पुरतं.

प्रश्न : वडगावच्या पुढे, पूर्वी बासमतीची शेतं होती तिकडे आम्ही तीस-चाळीसची साईट घेऊन घर बांधलं. तोंड पश्चिमेला. दुपारी साडेतीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. समोर गाडीसाठी बारा फूट सोडलेत, विजेच्या तारा रस्त्याच्या पलीकडे आहेत. दोन वर्षांत सावली हवी. हे गुलमोहर म्हणतात, मी बहावा म्हणते. तुम्ही सांगाल ते लावू. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : भांडण मिटवते. दोन्ही नको.

सावलीचा हिशेब मे महिन्यात होतो. बहावा त्या वेळी पानं झाडून पिवळे घोस लेवून उभा असतो, आणि गुलमोहर फुलायला लागतो तेव्हा त्याच्याही अंगावर धड पान नसतं. ज्या दोन महिन्यांसाठी झाड लावलं, नेमके तेच दोन महिने ते उघडं. रस्त्यावरून जाणाऱ्यानं बघावं आणि खूश व्हावं, घरातल्यांनी पंखा लावून बसावं. शिवाय गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, लाकूड ठिसूळ, आणि आपल्याकडचा वळीव कसा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. गुलमोहराशी माझं जुनं वैर आहे, ते शेवटच्या पत्रात सांगते.

आता ऊन बघू. बेळगाव साधारण सोळा अंश अक्षांशावर, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या बुडाशी. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्हीलासुद्धा आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि मावळतो तोही पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे सरकून. लोक झाड बरोबर दारासमोर लावतात आणि मग म्हणतात, सावली आहे पण ऊन बाजूनं येतंच. तुम्ही असं करा. हे वाचाल त्या दिवशी साडेचार वाजता हॉलमध्ये, जिथे तुम्हाला बसवत नाही तिथे, खुर्ची टाकून बसा. डोळ्यांवर ऊन ज्या रेषेत येतंय त्या रेषेत कंपाउंडच्या भिंतीवर दुसऱ्याला खडूनं खूण करायला सांगा. झाड त्या खुणेपाशी. माझा अंदाज असा की घरातून बाहेर बघताना ती खूण गेटच्या उजव्या हाताला पडेल. त्या कोपऱ्यात लावलंत तर गाडीची वाटही अडत नाही आणि घराच्या भिंतीपासून होईल तेवढं अंतर मिळतं.

अंतराचं का सांगते, तर तुमची माती. ती बासमतीला सोन्यासारखी होती, घराला तशी नाही. काळी माती पावसात फुगते आणि चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा देते. तहानलेलं मोठं झाड पायाच्या जवळ असलं की ते उन्हाळ्यात मातीतलं उरलंसुरलं पाणी ओढतं, माती आणखी आकसते आणि भिंतीला केसासारखी चीर जाते. तेव्हा वड, पिंपळ, उंबर, पर्जन्यवृक्ष यांचं नाव तीस-चाळीसच्या साईटीत काढू नका.

तुमच्यासाठी मी पारोसा भेंडी सांगेन. भाजीची भेंडी नव्हे. पिंपळासारखं बदामी पान, पिवळं फूल, संध्याकाळी उतरताना जांभळट होणारं. आपले कन्नड शेजारी हिला हूवरसी म्हणतात. उन्हाळ्यात पानं राखते, काळ्या मातीत रागावत नाही, वाढीला चपळ आहे आणि छाटलेली सोसते. जुने लोक मनगटाएवढी फांदी जूनमध्ये कुंपणाला ठोकायचे आणि तिचंच झाड व्हायचं. तसं तुम्हीही करू शकाल, पण माझा कौल बियांच्या रोपाला. फांदीच्या झाडाला सोटमूळ नसतं, आणि मोकळ्या लेआउटमध्ये वाऱ्याला आडवं यायला तुमच्याखेरीज कुणी नाही. एक ऐकून ठेवा, बोंडं धरली की लाल ढेकण्या जमतात. घराला, माणसाला त्यांचा काही त्रास नाही. किळस वाटली तर केरसुणीनं झाडा, औषध मारू नका.

रोप घेताना सगळ्यात उंच ते उचलू नका. मी स्वतः विकलीयत म्हणून सांगते, उंच रोप म्हणजे पिशवीत जास्त दिवस राहिलेलं रोप. गुडघ्यापासून कंबरेपर्यंत उंची पुरे, बुंधा करंगळीएवढा जाड असावा. घरी आणून पिशवी ब्लेडनं उभी कापा आणि तळाशी बघा. मुळं चुंबळीसारखी गोल गोल फिरलेली दिसतील. तो वेढा तसाच जमिनीत गेला तर झाड पाच-सहा वर्षं बरं दिसतं आणि मग स्वतःच्याच मुळांनी स्वतःचा गळा आवळतं, नाहीतर एखाद्या वाऱ्यात बुडापासून फिरतं. तळाचा बोटभर भाग सरळ कापून टाका, कडेची गुंडाळलेली मुळं दोन-तीन जागी उभी चिरा. जीव होत नाही, मला ठाऊक आहे. तरी चिरा.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. आत्ता काढून उन्हात तापू द्या. लेआउट भरताना टाकलेला मुरूम, सिमेंटचा चुरा, टाइलांचे तुकडे निघतील, ते परत आत जाऊ देऊ नका. निघालेल्या मातीत दोन घमेली जुनं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. भाताची जमीन होती ती, पाणी धरणारच, म्हणून रोप आजूबाजूपेक्षा वीतभर उंचावर बसवा. मृगाचा पाऊस धरला की लावा, शेजारी काठी रोवून सुतळीनं सैल आठाच्या आकड्यात बांधा. दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत चार दिवसांआड दोन बादल्या सावकाश जिरवा. रोज तांब्याभर घातलेलं पाणी मुळांना वर बोलावतं. आळ्यात पाचोळा अंथरा, उसाचा पाला मिळाला तर फारच छान, भेगा पडत नाहीत.

पण दोन वर्षांत सावली? भेंडी तेवढ्यात तुमच्या डोक्यावर जाईल. हॉलचं ऊन अडवायला तिला चौथा उन्हाळा लागेल. तोवर काय, तर मांडव. गाडीवर आठ फुटांवर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर मधुमालती, दोन टोकांना दोन वेल. दुसऱ्या उन्हाळ्यात मांडव झाकतो, रात्री वासानं घर भरतं. भेंडीनं छत्री धरली की वेल कापून टाकायचा. घाईचं एक आणि कायमचं एक, अशी जोडी लावायची आणि घाईचं वेळेवर काढायचं, हे मी गिऱ्हाइकांना कायम सांगत आले. "वेळेवर" या शब्दाबद्दल शेवटी बोलू.

प्रश्न : अथणीजवळ शेतात घर बांधलंय. सहा एकर रान, कालव्याचं पाणी आहे, घरालगतची जमीन क्षार चढून थोडी चोपण झालीय. पाहुणे म्हणतात रेन ट्री लाव, दहा वर्षांत घर झाकून टाकेल. कडुलिंब फार हळू वाढतो का? (अथणी तालुका)

उत्तर : पाहुणे खोटं बोलत नाहीत. घर झाकेलच, आणि झाकायचं थांबणार नाही. बेळगावच्या कॅम्पात मोठ्या जुन्या झाडांखालून एकदा चालत जा, मग विस्तार म्हणजे काय ते कळेल. पर्जन्यवृक्ष परदेशातून आलेला, त्याचा पसारा ऐंशी फुटांवर जातो. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की पानं मिटतो, शेंगा चिकट गोड असतात आणि जनावरं आवडीनं खातात. तुम्हाला सहा एकर आहेत, एक लावा की. पण गोठ्याच्या पलीकडे, घरापासून सत्तर फुटांवर. घराच्या पश्चिमेला नको.

बेळगाव शहरात पडतो त्याच्या जेमतेम निम्मा पाऊस तुमच्याकडे, त्यात चोपण. तिथे दोनच नावं माझ्या तोंडात येतात, कडुलिंब आणि करंज. दोघंही क्षार सोसतात. लिंब हळू वाढतो ही तक्रार पाणी साचणाऱ्या किंवा अतिपावसाच्या गावांतली. तुमच्या कोरड्या हवेत तो मजेत असतो, फक्त कालव्याचं पाणी त्याच्या बुडाशी तुंबू देऊ नका. रोप विकत आणायचीही गरज नाही. जून-जुलैत पिवळ्या लिंबोळ्या गोळा करा, गर चोळून काढा, सावलीत सुकवा आणि आठ-पंधरा दिवसांत जागेवरच तीन-तीन टोचा. उशीर केलात तर उगवणार नाहीत, लिंबाचं बी साठवणीचं नाही. जागेवर उगवलेल्याचं सोटमूळ सरळ खाली जातं, पुढे पाण्याचा ताण पडला तरी ते झाड तरतं.

करंज मात्र घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून वीस फुटांवर. कन्नडमध्ये होंगे. शिमग्याच्या सुमाराला पानं गाळतो आणि घाबरवतो, पण पाडव्याच्या मागेपुढे अशी तेलकट चमकणारी पोपटी पालवी काढतो की पुढचे तीन महिने त्याच्याखाली ऊन गळत नाही. पानांवर फोड येतात, ते किड्याचे असतात, झाडाचं काही बिघडत नाही. करंजाची सावली कशी असते हे तुमच्याकडच्या बैलगाडीवाल्यांना विचारा, दुपारी गाडी कुठे सोडायची हे त्यांना पाठ असतं.

प्रश्न : जांबोटीच्या पुढे आजोबांच्या जुन्या घराशेजारी तीन वर्षं झाडं लावतोय. दर वर्षी जूनमध्ये लावलेली रोपं ऑगस्टपर्यंत पिवळी पडून मरतात. खत कमी पडतंय का? (खानापूर तालुका)

उत्तर : खत नाही, श्वास कमी पडतोय. तुमच्यापासून जवळच कणकुंबीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो. जांभ्यात खोल खड्डा काढून त्यात मऊ माती भरली म्हणजे तुम्ही रोपाला रांजणात उभं केलंत. मुळं पाण्यात गुदमरून कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण वर आणखी खत घालतो. तुमच्याकडे खड्डा नको, उंचवटा करा. दीड फूट उंच, चार फूट रुंद, कडेला दगड लावून. लावणी मृगाच्या पहिल्या सरींवर, नाहीतर सरळ गणपतीनंतर पाऊस ओसरल्यावर.

झाडांची तुम्हाला चंगळ आहे. कदंब लावा, लवकर वाढतो आणि पाणी मागतो, ते तुमच्याकडे आहेच. हलशीला ज्यांची राजधानी होती त्या कदंब राजांचं नाव याच झाडावरचं, तेव्हा तालुक्याचा मानकरीच म्हणा. घरापासून तीस फूट तरी दूर. घराजवळ जांभूळ किंवा सातवीण. सातवीण फार चपळ आणि बारमाही हिरवी, पण दिवाळीच्या आसपास फुलते तेव्हा वास इतका उग्र की काहींचं डोकं चढतं, झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर नको. जांभळाखाली गाडी लावू नका आणि पांढरे कपडे वाळत घालू नका. फणस लावायचा मोह होईल, तो परड्याच्या लांबच्या टोकाला. घराला टेकून लावलेला फणस म्हणजे वानरांना कौलांवर आमंत्रण.

प्रश्न : एका विक्रेत्यानं कोनोकार्पसची वीस रोपं दिलीयत, वर्षात भिंतीसारखी वाढतात म्हणाला. दुसरा म्हणतो हेब्बेवू लाव, सावली आणि पैसा दोन्ही. कोण खरं? (निपाणी)

उत्तर : पहिला वाढीबद्दल खरं बोलला, बाकीचं गिळलं. कोनोकार्पसच्या परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास वाढतो आणि मुळं नळ-गटारांत शिरतात, अशा तक्रारींवरून गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. रोपं अजून पिशवीत असतील तर परत करा.

हेब्बेवू म्हणजे मलबार नीम, प्लायवूडच्या लाकडासाठी शेतात ओळीनं लावायचं झाड. दोन वर्षांत पंधरा-वीस फूट जातं हे खरं, पण सरळसोट, खालच्या फांद्या टाकत. सावली पडेल ती विरळ, आणि तीही शेजाऱ्याच्या पत्र्यावर. बांधाला लावा. दारात करंज, नाहीतर जागा लहान असेल तर कांचन.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना सांगता. तुमच्या स्वतःच्या दारात कुठलं झाड आहे? (हिंदवाडी, बेळगाव)

उत्तर : कुणीतरी विचारणार होतंच.

घर बांधलं तेव्हा मीही गुलमोहर लावला होता. रोपवाटिकावाली असून. यांना आवडायचा म्हणून, आणि तीन वर्षांत गच्चीला टेकला म्हणून मीही मिरवलं. आठव्या वर्षी मेमधल्या वळवात, गारा सुरू झाल्या त्याच मिनिटाला, तो मुळासकट उपटून कंपाउंडवर आडवा झाला. खाली यांची स्कूटर. मी पावसात उभी राहून उघडी पडलेली मुळं बघत होते. जेमतेम दीड फूट खोली, ताटासारखी सपाट. आमची तांबडी माती आहे, दोन फुटांखाली घट्ट जांभा, आणि मी पाणी रोज तांब्या-तांब्यानं घातलेलं. वीतभर खाली जायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. जांभा पहारीनं फोडून करंज लावला आणि त्याच्या दक्षिणेला आठ फुटांवर सिंगापूर चेरी, ज्याला इथे गसगसेचं झाड म्हणतात. चेरीसारखं घाईचं झाड मी दुसरं पाहिलेलं नाही. दीड वर्षात माणसाच्या वर, आडव्या फांद्यांची छत्री, दुसऱ्या उन्हाळ्यात खाली खाट टाकता येते. लाकूड मऊ, आयुष्य कमी. पाचव्या वर्षी चेरी काढायची असं मी रोपवाटिकेच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

पाचव्या वर्षी काढली नाही. शाळा सुटली की आठ-दहा पोरं गेटवर चढून ती लाल गोड फळं खायची, बुलबुल दिवसभर यायचे, रात्री वटवाघळं. कुऱ्हाडवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोनदा चहा पाजून परत पाठवला. सहावं गेलं, आठवं गेलं. करंज बिचारा उजेड शोधत उत्तरेकडे कलत गेला. मी रोज त्याच्याखालून जायचे आणि मला दिसत होतं, नाही असं नाही.

शेवटी चेरीची मोठी फांदी आपणहून मोडून पायरीवर पडली तेव्हा धीर केला. (कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. आपल्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते. काही जातींना सूट असते, पण आपलं झाड त्यात बसतं का ते कुऱ्हाड लावायच्या आधी विचारून घ्या.) पोरं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत.

करंज आता मोठा झालाय, वळवाला भीत नाही. पण कललेला राहिला तो राहिलाच. भर मेमधली त्याची गार सावली आमच्या व्हरांड्यात दोनपर्यंत असते, मग ती कंपाउंड ओलांडून शेजारच्या पायरीवर जाते. तिथल्या वहिनी भाजी निवडत बसतात. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "काकू, तुमची सावली आमच्याकडं येऊलालीय की ओ." म्हटलं, येऊ दे. तीन वाजले की मीही पत्रांची पिशवी घेऊन तिकडेच जाते. हे उत्तरसुद्धा त्यांच्याच पायरीवर बसून लिहिलंय.